'हे जॅझ नाही': एका जुन्या तक्रारीची पार्श्वभूमी

आइसलंडची गायिका-गीतकार लेवे हिचा 'बिविच्ड' हा अल्बम सप्टेंबर २०२३ मध्ये आला आणि ऐकणाऱ्यांत दोन तट पडले. एकीकडे विशीतली मुलंमुली, ज्यांना गाणी शब्दन् शब्द पाठ. दुसरीकडे जॅझचे जुने कानसेन. त्यांचं म्हणणं एवढंच, की गाणी गोड आहेत, पण कृपा करून यांना जॅझ म्हणू नका. निवाडा करणाऱ्यांचंही एकमत नव्हतंच. बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-मासिकाच्या जॅझ अल्बमांच्या यादीत तो पहिला आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं ते मात्र 'ट्रॅडिशनल पॉप' या गटात.

तक्रारीत तथ्य नाही असं नाही. 'फ्रॉम द स्टार्ट' हे तिचं सगळ्यात गाजलेलं गाणं ऐका. खाली बोसा नोव्हा या ब्राझिली शैलीचा हलका ठेका, गिटारवर जॅझवाल्यांचे सातवा-नववा स्वर मिसळलेले कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरसमूह, वर खर्जाकडे झुकणारा आवाज. हे सगळं जॅझच्या घरातलं. पण जॅझमध्ये चाल मांडून झाली की वादक तिच्यावर आयत्या वेळी सुचेल ते रचत जातो आणि श्रोते त्याचीच वाट बघत असतात. इथे ती जागा नावापुरती. मध्ये थोडं 'स्कॅट' येतं, म्हणजे शब्दांऐवजी निरर्थक अक्षरांवर आवाज खेळवणं, पण तेही झटकन आटोपतं. गाणं पुन्हा आपल्या एकतर्फी प्रेमाच्या गोष्टीकडे वळतं.

हे भांडण मात्र लेवेच्या जन्माच्या कितीतरी आधीचं आहे. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोनवर, विजेच्या यंत्रणेने रेकॉर्डिंग सुरू झालं आणि गायकाला थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची गरज उरली नाही. कानाशी बोलल्यासारखं गाता येऊ लागलं. पॉल व्हाइटमनच्या बँडमधून पुढे आलेला बिंग क्रॉस्बी, रेडिओवरचा रूडी व्हॅली हे त्या 'क्रूनर' गायकीचे पहिले मानकरी. बायका रेडिओपाशी खिळून बसत. बॉस्टनचे कार्डिनल ओकॉनेल यांनी १९३२ साली या गायकीवर जाहीर कोरडे ओढले. संस्कृती बुडाल्याची हाकाटी तेव्हाही होतीच.

खरी फाटाफूट झाली ती एका संपाने, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासात तोच भाग सर्वात महत्त्वाचा. तोवर बँड हाच नायक असे. गायक मध्येच उठून एखादं कडवं म्हणायचा आणि खाली बसायचा. रेडिओवर आणि ज्यूकबॉक्सवर, म्हणजे नाणं टाकून गाणं लावायच्या यंत्रावर, रेकॉर्डी वाजू लागल्या तशी वादकांच्या पोटावर गदा आली. अमेरिकेतल्या वादक संघटनेचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांनी ऑगस्ट १९४२ पासून रेकॉर्डिंगवर बहिष्कार पुकारला. बड्या कंपन्यांपैकी कोलंबिया आणि आरसीए व्हिक्टर यांनी नमतं घेईपर्यंत नोव्हेंबर १९४४ उजाडला. गायक या बंदीत येत नव्हते. कंपन्यांनी मग वाद्यांऐवजी कोरस उभा केला आणि १९४३ मध्ये फ्रँक सिनात्राने नुसत्या मानवी आवाजांच्या साथीवर गाणी ध्वनिमुद्रित केली. याच काळात न्यूयॉर्कमध्ये चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांचा बीबॉप हा जॅझचा नवा प्रकार आकाराला येत होता: वेगवान, अवघड, नाचायला निरुपयोगी. त्याची सुरुवातीची वर्षं जवळजवळ रेकॉर्डवर आलीच नाहीत. संप संपला तेव्हा लोकप्रिय गाणं गायकाच्या हाती गेलं होतं आणि जॅझ जाणकारांच्या. दोघांचे श्रोते तिथून पुढे एकमेकांकडे संशयाने पाहू लागले.

त्याचा पहिला मोठा फटका नॅट किंग कोलला बसला. पियानोवादक म्हणून त्याचं त्रिकूट १९३७ पासून नावाजलेलं. १९५० मध्ये तंतुवाद्यांच्या साथीवरचं 'मोना लिसा' तुफान चाललं आणि पियानोसाठी त्याच्याकडे येणारे रसिक हळहळले, की हिरा बाजारात गेला. पुढे बोसा नोव्हाचंही तेच. अमेरिकन सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ आणि ब्राझीलचा गायक-गिटारवादक जोआओ जिल्बर्टो यांच्या १९६४ च्या अल्बमवर अ‍ॅस्ट्रड जिल्बर्टोने इपानेमाच्या मुलीचं गाणं अगदी साध्या, सपाट म्हणावं अशा आवाजात गायलं. ती तोवर व्यावसायिक गायिकाही नव्हती. पण लोकांना लक्षात राहिली तीच. लेवेच्या ठेक्यात आणि संयत उच्चारात तो धागा स्पष्ट ऐकू येतो.

आपल्याकडेही या भांडणाची एक शाखा आहे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकन जॅझवादक लिऑन अ‍ॅबीचा बँड १९३५ मध्ये वाजू लागला आणि गोव्याच्या वादकांनी ते संगीत आत्मसात करून सिनेमाच्या स्टुडिओत नेलं. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त (१९५१) ट्रम्पेटवादक चिक चॉकलेटचा बँड पडद्यावरही दिसतो. लोक डोलले. नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांना मात्र फिल्मी गाणी अभिरुची बिघडवणारी वाटत. १९५२ च्या सुमारास आकाशवाणीवरून ती हद्दपार झाली आणि श्रोत्यांनी सरळ रेडिओ सिलोन लावला.

नोरा जोन्सच्या वेळी हाच वाद पुन्हा पेटला. पंडित रविशंकरांची ही मुलगी. तिचा पहिला अल्बम फेब्रुवारी २००२ मध्ये ब्लू नोटने काढला. ब्लू नोट ही १९३९ पासूनची रेकॉर्ड कंपनी म्हणजे जॅझची पंढरीच. तिथून कंट्री आणि पॉपची झाक असलेली मंद गाणी आली, कोट्यवधी प्रती खपल्या आणि पुढच्या वर्षी नोराने पाच ग्रॅमी नेली. त्यांतली काही पॉपच्या गटातली, बाकीची सर्वसाधारण, जॅझच्या गटातलं एकही नाही. जॅझ गायनाचं ग्रॅमी त्या साली गायिका-पियानोवादक डायना क्रॉलला गेलं. नोराच्या गाण्यांनी झोप येते असे टोमणे तेव्हा सर्रास मारले जात. मला तो अल्बम अजूनही आवडतो, आणि झोप येते हेही खरं आहे.

लेवेचा जन्म १९९९ चा, रेक्याविकमधला. आई चिनी व्हायोलिनवादक, वडील आइसलंडचे, ती स्वतः चेलोवादक, शिक्षण बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात. कोविडच्या काळात ती घरात बसून जुनी जॅझ गाणी फोनवर गात होती आणि त्या छोट्या व्हिडिओंनी तिला श्रोते मिळवून दिले. नोराकडे ब्लू नोटचा शिक्का होता. हिच्या वेळी श्रोते आधी आले, शिक्के नंतर. म्हणून प्रतिक्रियाही निराळ्या. जॅझ क्लबात सोलो, म्हणजे एकट्या वादकाची फेरी, संपला की टाळी पडते. हिच्या कार्यक्रमात केसांना रिबिनी बांधलेल्या मुली पूर्ण गाणं तिच्याबरोबर मोठ्याने म्हणतात. 'बिविच्ड'वरच्या 'मिस्टी' या जुन्या गाण्यातून पियानोवादक एरॉल गार्नरच्या १९५४ च्या चालीपर्यंत त्यांतल्या काही जणी पोहोचल्या, तर कानसेनांची त्याला हरकत नसावी.

लेवेला लावल्या जाणाऱ्या 'स्वतंत्र कलाकार', म्हणजे बड्या रेकॉर्ड कंपनीशिवाय उभी राहिलेली, या बिरुदाबद्दल मात्र सांभाळून बोलायला हवं. तिची गाणी बाजारात आली ती एडब्ल्यूएएल या वितरक कंपनीमार्फत, आणि ती कंपनी २०२१ मध्येच सोनीने विकत घेतली आहे.