तिसरा बेल्ट घालण्याआधी

गाडीचा बेल्ट तुटला की पहिला दोष बेल्टच्याच माथी येतो. ‘डुप्लिकेट निघाला’ म्हणून नवा बसवतात. तोही काही महिन्यांत किंचाळायला लागतो किंवा कडेने दोरे सोडतो, मग कंपनी बदलायची चर्चा सुरू होते. वास्तविक चांगल्या रबराचा बेल्ट धडधाकट इंजिनावर सहज काही वर्षं टिकतो. तो लागोपाठ दुसऱ्यांदा गेला, तर त्याच्या वाटेवरची एखादी पुली, एखादं बेअरिंग किंवा गळणारं सील त्याला मारतंय असं समजावं. ते सापडेपर्यंत तिसरा बेल्टही त्याच वाटेने जाणार.

लोक अजून ‘फॅन बेल्ट’ म्हणतात. आजच्या बहुतेक मोटारींत रेडिएटरचा पंखा विजेवर फिरतो, तरी नाव टिकलं आहे. क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, थोडक्यात क्रँकच्या) पुढच्या टोकाला असलेल्या पुलीवरून हा बेल्ट वीज बनवणारा अल्टरनेटर (मिस्त्रींचा ‘डायनामो’), एसीचा कंप्रेसर, अनेक इंजिनांत वॉटर पंप आणि काही गाड्यांत पॉवर स्टिअरिंगचा पंप फिरवतो. टायमिंग बेल्ट वेगळा. त्याला आडवे दात असतात, इथे विषय त्याचा नाही. आपल्या बेल्टला लांबीभर उभ्या धारा असतात. त्यावर ६पीके१२०० असं छापलं असेल तर धारा सहा आणि लांबी १२०० मिलिमीटर.

आता या धारा कशासाठी, ते नीट समजून घेऊ, कारण बेल्टच्या बहुतेक तक्रारी इथूनच उलगडतात.

बुजलेल्या बैलाचा कासरा नुसत्या हाताने धरवत नाही. तोच खांबाला दोन वेढे देऊन धरला तर लहान पोरही बैल थोपवून धरतं. यामागचं गणित ऑयलर आणि आयटेलवाइन यांच्या नावाने ओळखलं जातं: दोन टोकांच्या ताणांचं गुणोत्तर घर्षण आणि वेढा यांच्या गुणाकाराबरोबर घातांकाने वाढतं. घर्षणांक ०.३ असेल तर एका वेढ्याला हे गुणोत्तर ६.६ येतं आणि दोन वेढ्यांना ४३. वेढा दुप्पट केला, पकड साडेसहा पट झाली.

अल्टरनेटरच्या छोट्या पुलीला बेल्ट एक वेढासुद्धा घालत नाही. समजा १५० अंश घालतो. पिठाच्या गिरणीसारखा सपाट पट्टा असता तर गुणोत्तर जेमतेम २.२ आलं असतं. पण धार ४० अंशांच्या खाचेत पाचरीसारखी रुतते, त्यामुळे तेच घर्षण जवळजवळ तिप्पट काम करतं आणि गुणोत्तर १० च्या आसपास जातं. अल्टरनेटर फिरवायला बेल्टच्या ओढणाऱ्या आणि सैल बाजूंच्या ताणात २० किलोचा फरक लागतो असं धरू. धारा शाबूत असतील तर टेन्शनरने (बेल्ट ताणून धरणाऱ्या स्प्रिंगच्या हाताने) सैल बाजूला सव्वादोन किलोचा ताण राखला तरी पुरतं. बेल्ट भिजून घर्षण निम्म्यावर आलं तर सव्वानऊ किलो हवेत. धारा झिजून खाचेच्या तळाला टेकल्या तर पाचर संपली, बेल्ट सपाट पट्ट्यासारखा वागू लागला. मग हवेत जवळपास १७ किलो. टेन्शनरची स्प्रिंग एवढं देऊ शकली नाही की बेल्ट घसरतो, तापतो, काचेसारखा गुळगुळीत होतो आणि आणखी घसरतो. बेळगावहून गोव्याकडे जाणाऱ्या चोर्ल्याच्या रस्त्यावर कणकुंबीच्या पावसात खड्ड्यातलं पाणी उडालं की काही गाड्या किंचाळतात आणि काही गप्प चालतात, तो फरक या गणिताचा आहे.

झिजलेला बेल्ट ओळखणंही आता सोपं राहिलेलं नाही. पूर्वीच्या निओप्रीन बेल्टला भेगा पडायच्या, त्या मोजून निर्णय घेता यायचा. आताचं ईपीडीएम रबर फारसं भेगाळत नाही, टायरसारखं झिजतं. वरून बेल्ट नवा दिसतो आणि धारा खाली बसलेल्या असतात. खाचेची खोली मापक लावूनच कळते.

बेल्ट लवकर जाण्याचं दुसरं कारण इंजिनाच्या धक्क्यांचं. चार सिलिंडरचं इंजिन ८०० आरपीएमला सेकंदाला सुमारे २७ वेळा पेटतं आणि प्रत्येक वेळी क्रँक क्षणभर पुढे झेपावून मंदावतो. अल्टरनेटरचा रोटर जड असतो आणि क्रँकच्या अडीच-तीन पट वेगाने फिरतो. वेग तिप्पट असला की त्याचं जडत्व क्रँकला नऊ पट जाणवतं. क्रँक मंदावला तरी रोटर थांबायला तयार नसतो आणि ही ओढाताण बेल्टच्या दोऱ्यांवर येते. म्हणून बऱ्याच गाड्यांत, विशेषतः डिझेलमध्ये, अल्टरनेटरला एकाच दिशेने पकडणारी पुली असते. ती आतून जाम झाली की बेल्ट चाबकासारखा फडफडतो आणि टेन्शनरचा हात थरथरत राहतो. बेल्ट आणि टेन्शनर दोन्ही बदलूनही पुन्हा तेच होत असेल, तर ही पुली बघावी. अल्टरनेटरचा पंखा अडवून धरला असता ती एका दिशेला मोकळी फिरली पाहिजे आणि दुसऱ्या दिशेला पकडली पाहिजे. दोन्हीकडे पकडत असेल तर ती गेली.

उतरवलेला बेल्ट फेकू नये, कारण सगळा पुरावा त्यावरच असतो. एकाच कडेचे दोरे सुटले असतील तर पुली एका रेषेत नाहीत, किंवा बसवताना बेल्ट एक खाच बाजूला गेला होता. धारांवर चकाकी असेल तर तो घसरत होता. रबर फुगून मऊ पडलं असेल तर तेल लागलंय. ईपीडीएमला इंजिन ऑइल सोसत नाही, तेव्हा क्रँकचं पुढचं ऑइल सील आणि टॅपेट कव्हरचं गॅस्केट बघावं. धारांचे तुकडे उडाले असतील तर पुलीच्या खाचेत खडा किंवा वाळलेला चिखल अडकला असू शकतो. खानापूरकडची तांबडी माती आणि अथणीकडची काळी माती दोन्ही खाचेत घट्ट बसतात. पाठ घासली असेल तर पाठीवर चालणारा आयडलर (बेल्टला वळण देणारी मोकळी पुली) फिरत नाही.

मग इंजिन बंद, किल्ली खिशात, बेल्ट काढलेला. प्रत्येक पुली हाताने फिरवावी. खरखर जाणवली किंवा पुली हलली तर बेअरिंग गेलं. नुसतं टिचकावून ती भिंगरीसारखी फिरत राहिली, तरी आतलं ग्रीस संपल्याची शंका घ्यावी. टेन्शनरला पाना लावून पूर्ण फेर द्यावा, मध्ये कुठे अडकता कामा नये. बेल्ट चढवल्यावर टेन्शनरवरची खूण त्याच्या दोन रेघांच्या मध्ये यावी. येत नसेल तर बेल्टची लांबी चुकली आहे.

क्रँक पुली बहुतेक जण विसरतात. तिच्या दोन लोखंडी कड्यांमध्ये रबर असतं. ते सुटलं की बाहेरचं कडं हळूहळू सरकतं किंवा हेलकावतं. दोन्ही कड्यांवरून खडूने एक सरळ रेघ ओढावी आणि गाडी चालवून आल्यावर ती तुटलेली दिसते का पाहावं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथवर हात बसलेल्या माणसाला डायल (काट्याचं मापक) लावून हेलकावा मोजणं सांगायला नको.

रेषेचा दोष डोळ्याला फसवतो. पुलींमध्ये १५० मिलिमीटर अंतर असताना खाचा १ मिलिमीटर सरकल्या तरी कोन ०.३८ अंश होतो, आणि एवढ्यावरही चिवचिव सुरू होऊ शकते. २००० आरपीएमला १२०० मिलिमीटरचा बेल्ट सेकंदाला साधारण १२ फेऱ्या मारतो. म्हणजे बेळगाव ते कोल्हापूर दोन तासांत तीच कड ८० हजारांहून जास्त वेळा घासली जाते. रेष तपासायला पट्टी लावताना पुलीच्या कडेवर भरवसा ठेवू नये, कडांची जाडी वेगवेगळी असते. खाच खाचेशी जुळवावी.

आवाजाची परीक्षा पाण्याने होते. चालू इंजिनाच्या बेल्टवर, हात आणि कपडे दूर ठेवून, धारांच्या बाजूने थोडं पाणी फवारावं. आवाज क्षणभर थांबून परत आला तर रेषेचा दोष. आवाज वाढला तर ताण कमी.

गिरणीच्या सपाट पट्ट्याला राळ लावायची पद्धत होती. त्याच समजुतीने बेल्टवर स्प्रे मारतात किंवा साबण घासतात. आवाज दोन दिवस थांबतो, पण तो चिकटा धूळ धरतो, धारा आणखी झिजतात आणि खरा दोष झाकला जातो. तीन बेल्ट गेले म्हणून दृष्ट लागली समजून बंपरला लिंबू-मिरची बांधतात, त्याने तर टेन्शनर जागचा हलत नाही. दोष इंचभर अंतरावर असताना अमावास्येची वाट पाहण्यात गाडी घाटात बंद पडण्याचा धोका वाढतो. वॉटर पंप याच बेल्टवर असेल तर बेल्ट तुटल्यावर काही मिनिटांत इंजिन तापतं. बॅटरीचा दिवा लागला आणि तापमानाचा काटा चढला की तिथेच थांबावं. तुटक्या बेल्टचे दोरे क्रँक पुलीमागे ओढले जाऊन ऑइल सील फाडू शकतात, म्हणून तिथले धागे चिमट्याने वेचून मगच नवा बेल्ट घालावा.

नवा चढवताना स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये, आतले दोरे तुटतात आणि वरून काही दिसत नाही. चढला की क्रँक पान्याने दोन फेरे फिरवून प्रत्येक धार आपल्या खाचेत आहे ना, हे टॉर्च लावून बघावं. मग एसी आणि दिवे लावून आयडलवर टेन्शनरचा हात पाहावा. तो थरथरत असेल तर बेल्ट नवा असला तरी शोध अजून बाकी आहे.