भूमिगत इंधन टाक्या : मृदा व भूजल प्रदूषणाचे अन्वेषण

वापरातून गेलेल्या भूमिगत टाक्यांतील पेट्रोल वा डीझेल जमिनीत कोठवर पसरले, भूजलात किती विरघळले व केव्हा गळले हे ठरविण्याची पद्धती. टाकी काढून नेल्यावरही अन्वेषण आवश्यक असते. कारण गळती पुष्कळदा नळ, सांधे व भरणमुखाशी होते आणि मातीच्या रंध्रांत अडकलेले इंधन अनेक वर्षे पाण्यात उतरत राहते. पेट्रोलमधील विषारी घटक असलेल्या बेंझिनासाठी पिण्याच्या पाण्यातील जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य लिटरला अवघे १० मायक्रोग्रॅम आहे. त्यामुळे लहानशी गळतीही उपेक्षणीय नाही.

प्रथम जुने नकाशे व साठ्याच्या नोंदी तपासतात. जागेवर राहिलेली पोलादी टाकी चुंबकत्वमापकाने सापडते. नंतर विंधने घेऊन मातीचे नमुने काढतात. बेंझीन, टोल्यूइन, एथिलबेंझीन व झायलिने बाष्पनशील असल्याने नमुना जागीच मेथॅनॉलात बुडवून बंद करणे श्रेयस्कर. भूजलप्रवाहाची दिशा काढण्यास एका रेषेत नसलेल्या किमान तीन निरीक्षण विहिरी लागतात. विहिरीच्या नळीचा सच्छिद्र भाग भूजलपातळीच्या वरखाली दोन्हीकडे असावा. तो पूर्ण बुडलेला असल्यास पाण्यावर तरंगणारे इंधन विहिरीत येतच नाही.

विहिरीत दिसणाऱ्या इंधनथराची जाडी भोवतालच्या मातीतील थराच्या सुमारे चौपट असते, असा ढोबळ नियम १९७९ च्या सुमारास पुढे आला. १९९० मध्ये फार (Farr) हे संशोधक व त्यांचे सहकारी, तसेच लेनहार्ड व पार्कर यांनी केशाकर्षणाच्या (बारीक रंध्रांत द्रव ओढला जाण्याच्या) आधारे असा एकच गुणक संभवत नसल्याचे दाखविले : मातीत स्वच्छ सीमेचा थर नसून पाणी, इंधन व हवा एकाच रंध्रजालात वेगवेगळ्या प्रमाणात असतात. हेच मत अधिक ग्राह्य वाटते.

गळतीचा काळ ठरविणे हा सर्वांत विवाद्य भाग होय, कारण शुद्धीकरणाच्या खर्चाचे दायित्व बहुधा त्यावर ठरते. टेट्राएथिल लेड किंवा १,२-डायब्रोमोएथेन ही शिसेयुक्त पेट्रोलमधील पूरके आढळल्यास गळती त्या पेट्रोलच्या काळातील असावी. मात्र पिस्टन-विमानांच्या इंधनात शिसे पुढेही राहिले, हे लक्षात ठेवावे लागते. मेथिल टर्शरी ब्यूटिल ईथर हे पूरक अमेरिकेत १९७९ पासून पेट्रोलमध्ये मिसळले जाऊ लागले. तेथे ते आढळणे म्हणजे त्यातील काही इंधन तरी त्यानंतरचे. डीझेलासाठी क्रिस्टेन्सेन व लार्सेन यांनी १९९३ मध्ये हेप्टाडेकेन व प्रिस्टेन या डीझेलातील दोन हायड्रोकार्बनांचे गुणोत्तर सुचविले. जीवाणू सरळ साखळीचे हेप्टाडेकेन आधी खातात, शाखायुक्त प्रिस्टेन मागे उरते. म्हणून गुणोत्तर काळानुसार घटते. त्यांच्या मते ठराविक वयोमर्यादेत चूक साधारण दोन वर्षांची. परंतु त्यांची आधारसामग्री उत्तर युरोपातील स्थळांची होती. विघटनाचा वेग तापमान, आर्द्रता व ऑक्सिजनावर अवलंबून असतो, शिवाय ताज्या डीझेलातील मूळ गुणोत्तरही सारखे नसते. एकाच जागी जुनी-नवी गळती मिसळल्यास निघणारे वय दोन्हींपैकी कोणतेच नसते. म्हणून हा आकडा इतर पुराव्यांना पूरक मानावा. केवळ त्यावर कोणाला दोषी धरणे अन्यायाचे होईल.

चिकणमातीत प्रसार मंद असतो. भेगाळ खडकात मात्र इंधन भेगांच्या वाटेने जाते. तेथे टाकीलगतची विहीर स्वच्छ आणि दूरची दूषित, असेही आढळते.