तोळाभर शिसं, वीतभर जागा

सप्टेंबरात भाच्याचा फोन आला. तो अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो. ऑफिसातल्या मित्रांनी त्याला यंदा हरणाच्या शिकारीला ओढलं होतं, रीतसर परवाना काढून झाला होता आणि स्वारी बंदुकीच्या दुकानात उभी होती. "मामा, दुकानदार म्हणतोय तीनशे मॅग्नम घे, एकदाच काय ते घे. तू फिजिक्सवाला, तू सांग." तीनशे मॅग्नम म्हणजे जास्त दारू भरलेल्या, दमदार काडतुसाची रायफल.

मी नाशिकला तीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं. बंदूक हातात धरली ती एनसीसीत, तीही पॉइंट टू-टू. शिकारीचा तर आपल्याकडे प्रश्नच येत नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं ते दार बंद केलंय. येवल्याकडे ममदापूर-राजापूरच्या माळावर दिसणारं काळवीट तर कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत आहे, त्याच्यावर बंदूक रोखली तर थेट तुरुंग. (खरं तर काळवीट हे शास्त्राच्या हिशोबानं हरीणच नव्हे. त्याची शिंगं कायमची असतात. भाच्याकडच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिंगं म्हणजे निव्वळ हाड, दरवर्षी गळतं आणि नव्यानं उगवतं.) तिकडे मात्र थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरातल्या सणाच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीचा हंगाम असतो. भडक नारिंगी जॅकेट घालून माणसं रानात जाऊन बसतात.

देवळालीच्या तोफांचा धडाका ऐकत वाढलेल्या माणसाला मोठी ती चांगली असंच वाटतं. म्हणून उत्तर देण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

आधी वजन. गोळीचं वजन 'ग्रेन'मध्ये मोजतात. मूळ अर्थ धान्याचा दाणा. आपल्या सराफाची गुंज तशीच, एक गुंज म्हणजे साधारण दोन ग्रेन. गंमत पुढे आहे. इंग्रजांनी १८३३ साली तोळा पक्का केला तो १८० ग्रेनचा, आणि .३०-०६ या जुन्या, १९०६ सालच्या काडतुसात हरणासाठी, एल्क या मोठ्या हरणासाठी १८० ग्रेनची गोळी सर्रास वापरतात. म्हणजे बरोबर एक तोळा! .३०८ या दुसऱ्या काडतुसात बहुतेकदा १५० ग्रेनची घालतात, पाऊण तोळ्याहून जराशी जड, ९.७ ग्रॅम.

ही गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ८६० मीटर वेगानं निघते. ऊर्जा काढली तर ३,६०० ज्यूल. आकडा मोठा वाटतो, पण दोनशे किलोची स्कूटर, स्वारासकट, ताशी बावीस किलोमीटरनं कॉलेज रोडवरून चालली असेल तर तिच्यातही एवढीच ऊर्जा असते.

मग गोळी लागल्यावर हरीण स्कूटरनं उडवल्यासारखं उडतं का? नाही. ढकलण्याचं काम ऊर्जेचं नाही, संवेगाचं. वस्तुमान गुणिले वेग. स्कूटरचा संवेग १,२०० च्या घरात आणि गोळीचा जेमतेम ८.४. गोळी साठ किलोच्या हरणात पूर्ण थांबली तरी हरणाला सेकंदाला चौदा सेंटिमीटर एवढाच वेग मिळेल. रांगतं बाळसुद्धा याहून जोरात जातं. सिनेमात गोळी लागलेला माणूस मागे काचेवर जाऊन आदळतो, तो दोरीनं ओढलेला असतो.

म्हणजे जनावर धक्क्यानं पडत नाही. गोळी कुठून जाते आणि आत गेल्यावर तिचं काय होतं, यावर ते पडतं. पुढच्या पायाच्या वर, हृदय आणि फुप्फुसं असतात तेवढी जागा साधारण वीस सेंटिमीटरची. वीतभर. मिसळीसोबत पाव ज्या ताटलीत येतात, तेवढी. तिथं लागलं तर जनावर काही क्षणांत संपतं. चार बोटं चुकली, पोटात लागलं, तर ते पळून कुठंतरी झुडपात तासन्‌तास तडफडतं. रायफल निवडण्याचा सगळा प्रश्न या ताटलीभोवती फिरतो, असं माझं मत.

गोळी आत गेल्यावर काय होतं याची एक गोष्ट आपल्या कोलकात्याजवळची आहे. डमडमच्या कारखान्यात १८९०च्या दशकात इंग्रजांनी टोकाशी शिसं उघडं ठेवलेली गोळी बनवली. ती अंगात शिरली की अळंबीसारखी फुलायची. १८९९च्या हेग परिषदेनं युद्धात फुलणाऱ्या गोळ्या वापरायला बंदी घातली. आणि शिकारीत? तिथं नेमकं उलटं. अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांत हरणासाठी फुलणारीच गोळी सक्तीची आहे, कारण न फुलणारी गोळी सुईसारखी आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन निसटतं. एकच वस्तू एकीकडे क्रूर, दुसरीकडे दयाळू. यावर मी अजून कोणत्याही बाजूनं समाधानी नाही.

आता धक्का. न्यूटनचा तिसरा नियम खांद्यावर कळतो. नळीतून गोळी तर जातेच, तिच्या मागून जळलेल्या दारूचा वायूही जातो. वजनानं तो गोळीच्या तिसऱ्या हिश्शाहून कमीच, पण वेग गोळीहूनही जास्त. दोन्ही मिळून साडेतीन किलोच्या .३०८ रायफलला सेकंदाला साडेतीन मीटरच्या आसपास मागे ढकलतात. ऊर्जा सुमारे २२ ज्यूल. .२४३ या लहान काडतुसात गोळी हलकी, तिथं हाच आकडा तेरा-चौदावर येतो. आणि दुकानदाराच्या तीनशे मॅग्नममध्ये तेवढ्याच वजनाच्या रायफलीला चाळीसच्या घरात. .३०८च्या जवळजवळ दुप्पट.

खांदा दुखतो हे दुय्यम. खरी पंचाईत डोक्यात होते. दोन-चार बार काढले की मेंदू शिकतो, की बोट दाबलं की मार बसतो. मग बोट दाबायच्या क्षणभर आधी डोळे मिटतात, खांदा आखडतो, नळी खाली जाते. प्रशिक्षक एक सुंदर युक्ती करतात. न कळू देता खरी काडतुसं आणि पोकळ काडतुसं मिसळून भरतात. पोकळ आलं की 'खट्' एवढाच आवाज होतो, धक्का काहीच नाही, पण नळी मात्र सगळ्यांसमोर गपकन खाली डुलते. भाच्यानं मित्राच्या मॅग्नमवर हे करून व्हिडिओ पाठवला. मी तो चारदा पाहिला. धक्का नसलेल्या बंदुकीला घाबरणारा माणूस! आपले नाशिकचे भीष्मराज बाम पोलिसातून निवृत्त झाल्यावर खेळाडूंच्या मनावर का काम करत राहिले, ते या डुलण्यात दिसतं.

बंदुकीची स्वतःची चूक त्यामानानं नगण्य. आजची साधी कारखान्यातली रायफलसुद्धा शंभर मीटरवर तीन-चार सेंटिमीटरच्या गोलात गोळ्या टाकते. नळीच्या आतले पीळदार खाचे गोळीला भोवऱ्यासारखं फिरवतात, मिनिटाला दीड-दोन लाख फेरे, म्हणून ती कोलांट्या न खाता सरळ जाते. गुरुत्वाकर्षण मात्र कुणालाच सोडत नाही. शंभर मीटर जाईतो गोळी सात सेंटिमीटर पडते, दोनशेला तीस, तीनशेला पाऊण मीटर. दुर्बीण जुळवताना नळी किंचित वर रोखून हे सांभाळतात. विस्कॉन्सिनच्या दाट रानात शंभर-दीडशे मीटरपलीकडे फारसं दिसतच नाही, तेव्हा लांब पल्ल्याची चर्चा दुकानातच राहते.

शेवटी त्यानं विचारलं, गोळी शिशाची की तांब्याची. हे मला दारूगोळ्यापेक्षा गिधाडांमुळे ठाऊक होतं. आपल्याकडे गिधाडं डायक्लोफेनॅकनं गेली. हरसूलजवळ खोरीपाड्याला त्यांच्यासाठी मेलेली जनावरं ठेवायची वेळ आली. कॅलिफोर्नियाच्या काँडोरला, म्हणजे तिकडच्या गिधाडाला, मारलं शिशानं. फुललेल्या गोळीचे बारीक कण जनावराच्या आतड्यात राहतात, शिकारी ती रानातच टाकतो, पक्षी खातो. १९८२ साली जगात बावीस काँडोर उरले होते. कॅलिफोर्नियात २०१९पासून शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद आहे. एक्स-रे काढला तर माणसाच्या ताटातल्या मांसातही ते कण सापडतात. तांब्याची गोळी फुलते, पण सहसा तुटत नाही. महाग आहे, घे म्हटलं.

त्यानं .२४३ घेतली. मॅग्नममध्ये गेले असते त्यातले उरलेले पैसे काडतुसांवर घालवले आणि ऑक्टोबरभर दर शनिवारी रेंजवर गेला. पहिल्या दिवसाच्या कागदावर भोकं पाटभर पसरलेली, शेवटच्या कागदावर पाचही एका वाटीखाली झाकली जातील अशी.

हंगामाच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. पहाटेपासून झाडावरच्या मचाणात बसला होता, बोटं गारठलेली. मादी आली, नव्वद-शंभर मीटरवर, पण तिच्या बरोबर मागे दुसरी उभी होती.

"मग?"

"मग काय मामा, आरपार गेली असती तर? थांबलो. दोघी निघून गेल्या. उद्या परत बसतो. आईला सांगू नकोस, इथं उणे अकरा आहे."