दोन पानांचा कॉम्प्युटर: ही कल्पना आली कुठून

मागच्या आठवड्यात कॉलेज रोडला एका दुकानात दोन स्क्रीनचा लॅपटॉप हाताळला, वर पण स्क्रीन आणि खाली पण स्क्रीन, बटणं नाहीतच, काचेवर टाइप करायचं. सोबतचा मित्र म्हणे काय भारी नवीन काढलंय! पण हे नवीन नाहीये, आणि त्याच्यामागची गोष्ट मला मनापासून महत्त्वाची वाटते म्हणून लिहितोय.

लॅपटॉपचा साचा ठरला १९८२ ला, ग्रिड कंपास नावाच्या कॉम्प्युटरपासून, वर स्क्रीन, खाली कीबोर्ड, मधे बिजागरी. पुढे पंचवीसेक वर्षं मूळ ढाचा तोच राहिला. २००४ ला निन्टेन्डो डीएस आला, दोन स्क्रीन आणि खालची टचची, पण तो खेळायला.

खरी उडी मे २००८ ची. गरीब देशांतल्या मुलांसाठी स्वस्त लॅपटॉप बनवणाऱ्या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' संस्थेचे निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी एक्सओ-२ या दोन स्क्रीनच्या लॅपटॉपचा नमुना दाखवला. पुस्तकासारखा उभा धरला की डावं पान उजवं पान, आडवा केला की खालची स्क्रीन कीबोर्ड, पूर्ण सपाट उघडला की दोन मुलं समोरासमोर बसून एकत्र वापरतील. किंमत ठरवली होती ७५ डॉलर, म्हणजे तेव्हाचे तीन हजार रुपयांच्या आसपास. पण त्यांचा पहिला '१०० डॉलरचा' लॅपटॉपच १८० च्या पुढे गेला होता, त्यामुळे हे जमणं अवघडच होतं, आणि एक्सओ-२ कधी बाजारात आलाच नाही.

मग मायक्रोसॉफ्टचा कुरियर. सप्टेंबर २००९ ला बातमी फुटली, पेनाने लिहायची दोन पानी डायरीच जणू, आणि एप्रिल २०१० ला बंद केल्याचं सांगितलं, नेमका त्याच महिन्यात अमेरिकेत आयपॅड विकायला आला होता. तोशिबाचा लिब्रेटो डब्ल्यू१००, सोनीचा टॅबलेट पी, हे दोन स्क्रीनवाले आले न् गेले. दोन स्क्रीन म्हणजे बॅटरी भराभर संपणार, आणि लिब्रेटोवरचं विंडोज माउससाठी बनलेलं, बोटाने ती बारकी बटणं दाबली जायचीच नाहीत. माझ्या मते घोडं बिजागरीत नाही, सॉफ्टवेअरमधे अडलं. २०१९ ला मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेला दोन स्क्रीनचा सरफेस निओ सुद्धा बाजारात न येता असाच राहिला, त्याच्यासाठीचं विंडोज १०एक्स २०२१ ला गुंडाळलं. २०२३ ला लेनोवोचा योगा बुक ९आय आला तेव्हा कुठे दोन पूर्ण स्क्रीनचा लॅपटॉप नीट वापरता यायला लागला, पण त्याच्यासोबत पण वेगळा कीबोर्ड द्यावाच लागला, कारण काचेवर बोटाला बटण लागतच नाही.

तरी दोन पानांची गरज खरी आहे. आमचे आजोबा भांडी बाजारातल्या दुकानात कीर्द लिहायचे, डावीकडे जमा, उजवीकडे नावे, दोन्ही एकाच वेळी डोळ्यासमोर. लॉकडाऊनमधे माझी भाची एका मोबाइलवर शिकत होती, प्रश्न एका अॅपमधे, उत्तर टाइप करायचं दुसऱ्यात, शेवटी ती आधी प्रश्न कागदावर उतरवून घ्यायची न् मग उत्तर लिहायला बसायची.

दुकानात मी तो लॅपटॉप पुस्तकासारखा उभा धरला, डावीकडे एक पीडीएफ उघडली, उजवीकडे कोरं पान. अगदी कीर्दीसारखं दिसलं. किंमत विचारली, दीड लाखाच्या पुढे.