पासवर्ड होता ना त्याले!

नागपुरात धरमपेठेतल्या ओळखीच्या एका कर सल्लागाराचा लॅपटॉप मुंबईहून येताना रेल्वेत चोरीला गेला. तक्रार देऊन आलेला माणूस तसा शांतच होता. म्हणाला, "गेला तं गेला भाऊ, पासवर्ड होता ना त्याले. आतलं कोण पाहून राहिलं?"

आत अशिलांचे पॅन, आधारच्या प्रती, बँकेचे उतारे असं सगळं होतं. पासवर्डही खरंच होता. नव्हतं ते एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा मजकूर गुप्त किल्लीशिवाय वाचता येऊ नये असा बदलून ठेवणं. ही दोन्ही एकच समजणारे मला दर आठवड्याला भेटतात, आणि त्यात शिकलेलेच जास्त.

विंडोजचा पासवर्ड म्हणजे विंडोजने दिलेला पहारा. आता चोराने विंडोज सुरूच केलं नाही तर पहारा कोण देणार? चार स्क्रू काढायचे, आतली एसएसडी, म्हणजे फायली असतात ती डिस्क, यूएसबीच्या डबीत घालायची आणि आपल्या मशीनला लावायची, की सगळी फोल्डर समोर. सीताबर्डीतल्या दुरुस्तीवाल्यांना यात काही नवल नाही. बंद पडलेल्या लॅपटॉपमधले लग्नाचे फोटो असेच तर काढून देतात, तेही पासवर्ड न विचारता. डिस्क काढायचा कंटाळा असेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली, सुरू करता येतं. 'तुम्हाला परवानगी नाही' ही विंडोजची पाटी लिनक्स जुमानत नाही. पासवर्ड चार अक्षरांचा होता की सोळा, याने इथे काहीच फरक पडत नाही, कारण तो कुणी विचारतच नाही.

एन्क्रिप्शन पहारा देत नाही. डिस्कवर लिहिलेलं असतं तेच बदलून टाकतं. आजोबांच्या ट्रंकेत एखादा मोडीतला कागद सापडतो, हातात असतो, पण आपल्याला त्यातलं अक्षर लागत नाही, तसं. उपमा जरा लंगडी आहे, कारण मोडी वाचणारे अजून भेटतात. एईएस या एन्क्रिप्शनच्या पद्धतीने बदललेला मजकूर मात्र किल्लीशिवाय कुणाला वाचता येत नाही. बिटलॉकर, म्हणजे विंडोजमधली एन्क्रिप्शनची सोय, साधारणपणे १२८ बिटांची (शून्य-एकच्या १२८ घरांची) किल्ली वापरतं. एकेक किल्ली लावून बघायची म्हटलं तर शक्यतांचा आकडा ३९ अंकी होतो.

बिटलॉकर २००७ साली विंडोज विस्टाबरोबर आलं. होम आवृत्तीत ते पूर्ण मिळत नाही, पण बऱ्याच नव्या लॅपटॉपवर त्याचं छोटं रूप 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' नावाने सेटिंग्जमध्ये असतं. याच कामाला मॅकवर फाइलव्हॉल्ट, लिनक्सवर लक्स.

मग पासवर्ड सोडून द्यायचा का? मुळीच नाही, आणि घोटाळा होतो तो इथेच. बिटलॉकरची किल्ली बहुतेक वेळा मदरबोर्डवरच्या टीपीएम या किल्ल्या जपणाऱ्या चिपच्या ताब्यात असते. लॅपटॉप सुरू केला की चिप किल्ली आपणहून देते आणि डिस्क उघडते. चोर एकटी डिस्क घेऊन गेला तर त्याच्या हाती नुसता कचरा. पण अख्खा लॅपटॉप नेऊन बटण दाबलं, तर त्याच्या आणि फायलींच्या मध्ये उरतो तो तुमचा पासवर्डच. तिथे '१२३४' असेल तर सगळं एन्क्रिप्शन पाण्यात. सुरू होतानाच वेगळा पिन मागण्याची सोय बिटलॉकरमध्ये आहे, कार्यालयातल्या मशीनला ती लावावी.

प्रवासात झाकण नुसतं मिटू नका, मशीन पूर्ण बंद करा. झोपलेल्या मशीनची किल्ली रॅममध्ये, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या मेमरीत, तशीच असते. २००८ साली प्रिन्स्टनच्या संशोधकांनी रॅम थंड करून अशा किल्ल्या काढून दाखवल्या होत्या. (उष्णतेत रॅममधला मजकूर लवकर विरतो, म्हणजे नागपूरचा मे महिना निदान इथे तरी आपल्या बाजूने! पण त्यावर विसंबू नका.)

आणि इंटरनेटवरून घुसणाऱ्यापुढे एन्क्रिप्शन गप्पच बसतं. मशीन चालू, तुम्ही आत, म्हणजे फायली उघड्याच. फसव्या मेलमधून आलेला प्रोग्राम त्या तुमच्याच हक्काने वाचतो. तिथे अपडेट आणि वेगळा ठेवलेला बॅकअपच कामी येतो.

सल्लागारांना मी २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याची आठवण दिली. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. आकडा ऐकून चहा तसाच राहिला. नव्या लॅपटॉपवर त्याच दिवशी बिटलॉकर सुरू केलं. ४८ अंकी रिकव्हरी की छापून हातात दिली, आणि सांगितलं की मदरबोर्ड बदलला तर हीच मागेल, दुसरीकडे कुठे ठेवली नसेल आणि हरवली तर मायक्रोसॉफ्टही देऊ शकत नाही. त्यांनी कागदाची नीट घडी केली आणि लॅपटॉपच्याच बॅगेत सारली.

काढायला लावली. आता तो कागद घरच्या कपाटात, शेताच्या सातबाऱ्याच्या फायलीत आहे.