ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन: रेणू जवळपास सारखे, मग गोंधळ कुठे होतो?

कळा वाढाव्यात म्हणून सलाईनमधून देतात ते ऑक्सिटोसिन. अंथरूण ओलं करणाऱ्या मुलाला रात्री देतात ती डेस्मोप्रेसिनची गोळी, म्हणजे व्हॅसोप्रेसिनमध्येच थोडा फेरफार करून केलेलं औषध. नाशिकच्या मेडिकलच्या पोरांना हे दोन्ही शिकवताना एक गोष्ट दरवर्षी दिसते. दोघांची कामं त्यांना तोंडपाठ असतात, पण ऑक्सिटोसिन जास्त झालं की बाईच्या अंगात पाणी का साठतं, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. 'प्रेमाचं हार्मोन' आणि 'लघवीचं हार्मोन' अशी वाटणी डोक्यात पक्की बसली की असंच व्हायचं.

रेणूंकडे पाहा. दोन्ही नऊ अमिनो आम्लांच्या साखळ्या आणि दोन्हींत सिस्टीनच्या दोन कड्या जुळून झालेलं वेटोळं. फरक फक्त दोन जागी. तिसऱ्या जागी ऑक्सिटोसिनमध्ये आयसोल्यूसिन, तर व्हॅसोप्रेसिनमध्ये फिनाइलअलानिन. आठव्या जागी एकात ल्यूसिन, दुसऱ्यात आर्जिनिन. दोन्ही मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतात, त्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागात साठतात आणि त्यांची जनुकं विसाव्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत. व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी 1953 मध्ये ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत बनवलं आणि 1955 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

खरी गंमत आहे ती रिसेप्टरमध्ये, म्हणजे हार्मोनचा निरोप ऐकणाऱ्या पेशीवरच्या प्रोटीनमध्ये. ऑक्सिटोसिनचा रिसेप्टर एक, व्हॅसोप्रेसिनचे तीन: व्ही-वन-ए, व्ही-वन-बी आणि व्ही-टू. चौघेही एकाच घराण्यातले, पेशीच्या आवरणातून सात वेळा आत-बाहेर जाणारे. बाहेरच्या अंगाला पेप्टाइड (अमिनो आम्लांची ही छोटी साखळी) चिकटलं की आतल्या अंगाचा आकार बदलतो आणि तिथलं जी-प्रोटीन, म्हणजे निरोप पुढे नेणारं प्रोटीन, जागं होतं. पुढे काय घडणार हे कोणतं जी-प्रोटीन जोडलेलं आहे त्यावर ठरतं. म्हणून माझ्या मते सीमारेषा ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन यांच्यामध्ये आखण्यात अर्थ नाही. एकीकडे व्ही-टू आणि दुसरीकडे बाकीचे तिघे, अशी आखली तर सगळं नीट लागतं.

ते तिघे मुख्यतः जीक्यू नावाच्या प्रोटीनला जोडलेले. गर्भाशयाच्या स्नायूतली एक पेशी घ्या. ऑक्सिटोसिन चिकटलं, जीक्यू जागं झालं, त्याने फॉस्फोलायपेज-सी या एन्झाइमला कामाला लावलं. हे एन्झाइम आवरणातल्याच एका स्निग्ध रेणूचे दोन तुकडे करतं. एक तुकडा, डॅग, आवरणातच राहतो आणि प्रोटीन कायनेज-सी (इतर प्रोटीनांवर फॉस्फेट बसवणारं एन्झाइम) जागवतो. दुसरा, आयपी-थ्री, आत सुटतो, पेशीतल्या कॅल्शियमच्या साठ्यापर्यंत पोचतो आणि तिथली दारं उघडतो. कॅल्शियम कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रोटीनला धरतं, त्यातून मायोसिनवर, म्हणजे स्नायू आवळणाऱ्या प्रोटीनवर, फॉस्फेट बसतं आणि स्नायू आवळतो. ती कळ. रक्तवाहिनीच्या भिंतीत व्ही-वन-ए हेच करतो, तिथे त्याचा परिणाम रक्तदाब वाढण्यात दिसतो. म्हणजे रेणू वेगळा, रिसेप्टर वेगळा, आतली वाट मात्र तीच.

व्ही-टूची वाट निराळी. तो मूत्रपिंडात, लघवी गोळा करणाऱ्या नलिकांच्या पेशींवर बसतो आणि जीएस प्रोटीनला जोडलेला असतो. जीएसमुळे सायक्लिक एएमपी हा पेशीच्या आतला निरोप्या रेणू तयार होतो, त्याने प्रोटीन कायनेज-ए जागं होतं. पेशीच्या आत छोट्या पिशव्यांत अॅक्वापोरिन-2 नावाच्या पाण्याच्या वाहिन्या तयारच असतात. त्यांवर फॉस्फेट बसलं की त्या पिशव्या नलिकेकडच्या आवरणात येऊन मिसळतात, पाणी अंगात परत शोषलं जातं आणि लघवी घट्ट होते. व्ही-टूचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. ते बिघडलेली मुलं, बहुतेक मुलगेच, लिटरच्या लिटर पातळ लघवी करतात. त्यांच्या रक्तात व्हॅसोप्रेसिन भरपूर असतं, पण ऐकणारा रिसेप्टरच नादुरुस्त. अशा मुलाला डेस्मोप्रेसिन देऊन फारसं काही साधत नाही.

आता वर्गाला गप्प करणारा तो प्रश्न. दोन अमिनो आम्लांचाच फरक असल्यामुळे ऑक्सिटोसिन भरपूर झालं की ते व्ही-टूलाही थोडंफार चिकटतं. बराच वेळ मोठ्या डोसमध्ये, त्यातून नुसत्या ग्लुकोजच्या पाण्यातून ते चढवलं, तर मूत्रपिंड पाणी धरून ठेवतं, रक्तातलं सोडियम उतरतं आणि प्रकरण झटक्यांपर्यंत जाऊ शकतं. लेबर रूममधल्या सिस्टर अशा वेळी सलाईन किती गेलं आणि लघवी किती झाली हे लिहून ठेवतात, ते उगीच नाही. डेस्मोप्रेसिनमध्ये याच्या उलटी सोय केलेली आहे. ते व्ही-टूवर नीट बसतं आणि व्ही-वन-एला जवळपास सोडूनच देतं, त्यामुळे रक्तदाब वाढवत नाही. पाणी धरून ठेवण्याचा गुण मात्र पुरेपूर. म्हणून गोळी घेतल्यावर मुलाने रात्रभर पाणी अगदी बेतानंच प्यायचं.

संदेश थांबवण्याचीही व्यवस्था असते. रिसेप्टर फार वेळ चेतलेला राहिला की त्यावर अरेस्टिन नावाचं प्रोटीन येऊन बसतं आणि त्याला पेशीच्या आत ओढून नेतं. ऑक्सिटोसिनचं सलाईन तासन्‌तास चालू ठेवलं की गर्भाशय हळूहळू दाद देईनासं होतं, त्यामागचं एक कारण हेच. व्ही-टूचा खोडसाळपणा असा की आत ओढला गेल्यावरही तो काही काळ सायक्लिक एएमपी बनवत राहतो.

मेंदूत गोष्ट आणखी गुंतते, कारण तिथे आतली वाट एक असूनही परिणाम उलटे निघतात. अमिग्डाला या मेंदूतल्या भीतीशी निगडित केंद्राच्या मधल्या भागातला एक प्रयोग 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या बाहेरच्या पट्ट्यातल्या पेशींवर ऑक्सिटोसिनचे रिसेप्टर असतात, आतल्या पट्ट्यातल्या पेशींवर व्ही-वन-ए. दोघेही आपापल्या पेशीला चेतवतात. पण बाहेरच्या पेशी चेतल्या की आतल्यांना दाबतात, आणि भीतीचा हुकूम खाली जातो तो आतल्या पेशींकडून. थोडक्यात, व्हॅसोप्रेसिन भीतीला जोर देतं आणि ऑक्सिटोसिन तिला आवर घालतं. 'प्रेमाचं हार्मोन' हे बिरुद मला म्हणूनच खटकतं. शिवाय जोडीने राहणाऱ्या प्रेअरी व्होल नावाच्या उंदरांमध्ये ऑक्सिटोसिनचा रिसेप्टरच जनुकातून काढून टाकला, तरी ते जोड्या जमवत राहिले. हे काम 2023 मधलं.

नाशिककडे या विषयावर गप्पा निघाल्या की गाडी दोन गोष्टींवर येते. पहिली, तबेल्यात म्हशीला मारलेली सुई. ते ऑक्सिटोसिनच, कासेतल्या दुधाच्या पिशव्यांभोवतीच्या पेशी त्याच जीक्यूच्या वाटेने आवळतात आणि साठलेलं दूध उतरतं. केंद्राने 2018 मध्ये या औषधाच्या खासगी उत्पादनावर बंदी आणली होती, पण डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण बाळंतिणींना हे औषध लागतंच. दुसरी गोष्ट, सुई मारून रातोरात फुगवलेला दुधी भोपळा. तो भोपळा कशाने फुगला मला माहीत नाही, पण वनस्पतीत ऑक्सिटोसिनचा हा रिसेप्टरच नाही, मग ते कुणाला सांगणार आणि काय? निफाड-दिंडोरीचे बागायतदार द्राक्षाचे घड जीएच्या पाण्यात बुडवतात, तेव्हा मणी खरंच लांबतात. पण जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल, वनस्पतींचं स्वतःचं हार्मोन, आणि ते ओळखणारा रिसेप्टर द्राक्षाच्या पेशीत आधीपासूनच असतो.