जोडीदार तैनातीवर गेला की पगारी रजा मिळतेच?

अमेरिकेत राहणाऱ्यांमध्ये एक मेसेज बरीच वर्षं फिरतोय: नवरा किंवा बायको सैन्यातून तैनातीवर गेली, की कंपनीला पगारी रजा द्यावीच लागते.

रजेचा हक्क खरा आहे, पगाराचा नाही. एफएमएलए या संघीय कायद्याने १२ महिन्यांत १२ आठवड्यांपर्यंत बिनपगारी रजा मिळते आणि नोकरी शाबूत राहते. साठलेली पगारी रजा त्यातच वापरता येते. काही राज्यांत पगारी कौटुंबिक रजेची वेगळी योजना आहे, ती जरूर तपासा.

आधी पात्रता बघा. त्याच मालकाकडे १२ महिने नोकरी, मागच्या वर्षभरात १,२५० तास काम, आणि तुमच्या कामाच्या जागेपासून ७५ मैलांच्या आत त्या मालकाचे किमान ५० कर्मचारी. लग्न झालेलं नसेल तर हा हक्क लागू होत नाही. इथे अनेकांची निराशा होते.

नुसती तैनातीही पुरत नाही. ती परदेशात हवी आणि रजेला ठरावीक कारण हवं. सात किंवा त्याहून कमी दिवस आधी आदेश आला, तर तो कळल्यापासून सात दिवस. जोडीदार मधल्या विश्रांतीसाठी घरी आला, तर १५ दिवसांपर्यंत. मुलांची शाळा बदलणं, मुखत्यारपत्र करणं हेही चालतं. मुलांना अचानक सांभाळावं लागलं तर चालतं, पण रोजच्या सांभाळासाठी नाही.

एचआरकडे डब्ल्यूएच-३८४ हा फॉर्म मागा आणि तैनातीच्या आदेशाची प्रत जोडा. रजा मागितल्यापासून कामाच्या पाच दिवसांत तुम्ही पात्र आहात की नाही, हे कंपनीने कळवायचं असतं.